अर्धा डोस म्हणजे अर्धं औषध नव्हे

माझी आते सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला असते. परवा फोनवर सांगत होती, लघवीच्या जळजळीवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ एक, पाच दिवस. दोन दिवस तिने तशाच घेतल्या. जळजळ थांबल्यावर मात्र दिवसाला एकच सुरू ठेवली. "कित्याक गो आते?" विचारलं तर म्हणाली, "माका आता बरां वाटता. उगाच दोन-दोन गोळये कित्याक खाव? उरलेले ठेवन दिलंय. परत त्रास झालो तर लागतले."

आते काटकसरीची आहे. दुखणं निम्मं राहिलं तर औषधही निम्मं, हा तिचा हिशोब आमच्या जिल्ह्यात घरोघरी चालतो. तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळीला तो बऱ्यापैकी लागूही पडतो, कारण तिथे औषधाच्या समोर फक्त आपलं शरीर असतं. अँटिबायोटिकच्या समोर मात्र आणखी कुणीतरी असतं. ते जिवंत असतं, वाढत असतं आणि कमी औषधात स्वतः बदलतं. मी कुडाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. रोजच्या प्लेटांमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशांमध्ये, हे बदललेले जिवाणू दिसतात आणि त्यांच्यामागे कुठल्या ना कुठल्या अपुऱ्या डोसची गोष्ट असणार हे जाणवत राहतं. म्हणून डोसबद्दल एकदा नीट लिहायचं ठरवलं.

एखाद्या जिवाणूला औषध किती लागतं हे ठरवायची जुनी आणि आजही भरवशाची रीत म्हणजे नळ्यांची रांग. पहिल्या नळीत औषध सगळ्यांत जास्त, पुढच्या प्रत्येकीत आधीच्या निम्मं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक घेतलं तर मिलीलिटरमागे १ मायक्रोग्रॅम, मग ०.५, ०.२५, ०.१२५, असं उतरत जायचं. शेवटच्या नळीत औषधच नाही. सगळ्या नळ्यांत सारखेच जिवाणू घालायचे, मिलीलिटरला साधारण पाच लाख, आणि ३५ अंशांवर रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी रॅक उजेडासमोर धरला की निकाल डोळ्यांनी दिसतो. एका बाजूच्या नळ्या नितळ, दुसऱ्या बाजूच्या गढूळ. नितळ नळ्यांपैकी सगळ्यांत कमी औषध असलेल्या नळीचं प्रमाण म्हणजे त्या जिवाणूची एमआयसी, त्याची वाढ थोपवायला लागणारं कमीत कमी औषध.

शिकाऊ मुलं तेवढा आकडा लिहून घेतात आणि रॅक धुवायला नेतात. मी त्यांना थांबवते, कारण बघण्यासारखं खरं पुढेच असतं. नितळ नळीला लागून असलेली पहिली गढूळ नळी घ्यायची. तिच्यात औषध आहे, फक्त एका पायरीने कमी. ती शेवटच्या नळीइतकी दाट गढूळ नसते, हलवली तर आत रेशमी लाट फिरल्यासारखी दिसते. तिच्यातला एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला की ई. कोलायच्या (लघवीचं इन्फेक्शन बहुधा करतो तो आतड्यातला जिवाणू) नेहमीच्या आखूड काड्यांऐवजी लांबच लांब दोरे दिसतात. पेशी वाढली आहे, पण तिचं विभाजन अडलं आहे. सिप्रोने तिच्या डीएनएला इजा केली, मारून टाकण्याइतकी नाही. अशा वेळी जिवाणूच्या आत एसओएस नावाची यंत्रणा जागी होते. विभाजन थांबवून ती आधी डीएनएची दुरुस्ती करायला घेते, आणि त्या घाईच्या दुरुस्तीत नेहमीपेक्षा जास्त चुका होतात. त्या चुकांपैकी एखादी जिवाणूच्या पथ्यावर पडते.

पूर्ण डोसात हा जिवाणू मेला असता. शून्य डोसात तो आहे तसाच राहिला असता. मधल्या डोसात तो जिवंतही राहिला आणि बदलायलाही लागला.

नितळ नळी म्हणजे सगळे मेले, असंही नाही. तिच्यातला थेंब औषध नसलेल्या प्लेटवर पसरला तर अनेकदा दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, उगवतात. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं की पेनिसिलिनमध्ये ठेवलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंपैकी थोडे शेवटपर्यंत तग धरतात. त्यांना परत वाढवून परत पेनिसिलिन दिलं तर पुन्हा बहुतेक मरतात, म्हणजे ते रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारे, झालेले नसतात. औषध गेलं त्या वेळी ते नुसते निपचित पडलेले असतात. आतेची जळजळ थांबली तेव्हा तिच्या मूत्राशयात असे किती उरले होते हे तिला जाणवणं शक्यच नव्हतं. जळजळ थांबायला जिवाणू बरेच कमी व्हावे लागतात. ते संपावेच लागतात असं नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण आकडे बघितल्याशिवाय ही भीती खरी वाटत नाही. चांगल्या खाद्यात ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एका पेशीपासून १०७ कोटी. शरीरात वेग इतका नसतो, तरी संख्या मोठ्याच असतात. लघवीच्या जोराच्या इन्फेक्शनमध्ये मिलीलिटरला एक कोटी जिवाणू भरतात. मूत्राशयात ३०० मिलीलिटर लघवी असेल तर झाले ३०० कोटी. सिप्रोला थोडीफार दाद न देणारी पेशी साधारण दहा कोटी ते शंभर कोटी पेशींमागे एखादी आपोआप निपजते. म्हणजे गोळी तोंडात टाकायच्या आधीपासून अशा काही पेशी तिथे हजर असण्याची शक्यता दाट.

"आधीपासून" हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. औषधामुळे जिवाणू बदलले, असं आपण सहज म्हणतो. मधल्या डोसात वर सांगितलेल्या चुका होतात हे खरं, पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर प्रयोग करून दाखवलं की तग धरणाऱ्या पेशी संकट येण्याआधीच तयार झालेल्या असतात. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी हे फार देखण्या रीतीने सिद्ध केलं. गोल ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणून बसवलं, ते कॉलन्या असलेल्या प्लेटवर अलगद टेकवलं आणि तसंच दुसऱ्या प्लेटांवर उमटवलं, त्यात स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्याही होत्या. मखमलीच्या लवेला चिकटून सगळ्या कॉलन्यांची नक्कल जिथल्या तिथे उतरली. औषधाच्या प्लेटवर ज्या जागी वाढ झाली, मूळ प्लेटवरच्या त्याच जागेवरचे जिवाणू घेत गेलं तर रेझिस्टंट जिवाणू हाती लागले. आणि मूळ प्लेटने तर स्ट्रेप्टोमायसिन कधी पाहिलंही नव्हतं.

तर हे थोडे दाद न देणारे आधीच असतात. मग डोस कमी पडला की काय होतं? साधे जिवाणू मरतात, खाद्य आणि जागा मोकळी होते आणि ती या मूठभरांना मिळते. भाताच्या तरव्यातली रोपं उपटून टाकावी आणि तण राखावं, तसा हा प्रकार. सगळे जिवाणू असताना या मूठभरांना वाढायला वाव नसतो, कारण रेझिस्टन्सची किंमत म्हणून ते अनेकदा जरा संथ वाढतात. आपण अर्धी गोळी घेऊन त्यांच्या वाटेतली गर्दी दूर करतो.

सिप्रो आणि ई. कोलायच्या बाबतीत हे कसं घडतं ते बरंच बारकाईने ठाऊक आहे. साध्या ई. कोलायची एमआयसी ०.०१ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. डीएनए गुंडाळणाऱ्या जायरेज नावाच्या एन्झाइममध्ये एक विशिष्ट बदल झाला की ती चढून साधारण ०.२५ वर येते. मग दुसऱ्या एन्झाइममध्ये बदल, मग जायरेजमध्येच आणखी एक, असं करत ती १, ४, १६, ३२ वर जाते. यात वाईट भाग असा की ०.२५ वाल्या जिवाणूचा रिपोर्ट आजही "एस" म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडणारा, असा जातो. कुणाला सेन्सिटिव्ह म्हणायचं ते ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेने २०१९ मध्ये मर्यादा खाली आणली. त्याआधी तर १ पर्यंतचा ई. कोलाय सेन्सिटिव्ह धरला जायचा. रिपोर्ट चुकीचा नसतो, पूर्ण डोसात तो जिवाणू बहुधा मरतोही. पण डोसात हात आखडला तर या एक पायरी चढलेल्या जिवाणूला पुढची पायरी चढायला रान मोकळं मिळतं. टायफॉईडच्या जिवाणूत आपल्या देशाने १९९० च्या दशकात हेच भोगलं. प्लेटवर सिप्रो सेन्सिटिव्ह, रुग्णाचा ताप मात्र उतरायला फार दिवस घेणारा. सिप्रोच्याच घराण्यातल्या नॅलिडिक्सिक ॲसिडची डिस्क, म्हणजे औषध मुरवलेली कागदी चकती, प्लेटवर ठेवली की गुपित उघडं पडायचं, कारण त्या जुन्या औषधाला दाद न द्यायला पहिलाच बदल पुरतो.

साधा जिवाणू थांबवणारं प्रमाण आणि एक पायरी चढलेला जिवाणूही थांबवणारं प्रमाण, या दोहोंच्या मधल्या पट्ट्याला कार्ल ड्रलिका आणि शिलिन झाओ यांनी म्युटंट सिलेक्शन विंडो असं नाव दिलं. औषध त्या पट्ट्यात जितका वेळ रेंगाळेल तितकी निवड नकोशा जिवाणूंची होणार.

आणि पट्टा दिसायला हवा असेल तर हार्वर्डच्या मायकेल बेम, रॉय किशोनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेला प्रयोग बघावा, त्याची चित्रफीत इंटरनेटवर आहे. दोन फूट बाय चार फुटांची प्रचंड प्लेट, तिच्यावर आडवे पट्टे. दोन्ही कडांना औषध नाही, आत आत दहा-दहा पटींनी वाढत जाऊन मधोमध पहिल्या औषधी पट्ट्याच्या हजार पट. कडेला सोडलेला ई. कोलाय पहिल्या पट्ट्यापर्यंत पसरतो आणि अडतो. मग सीमेवर एका बिंदूतून एखादा फुटवा पलीकडे घुसतो, पंख्यासारखा पसरतो, पुढच्या सीमेवर परत अडतो. साधारण अकरा दिवसांत ते मधोमध पोचतात. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट दुसरीच वाटते. मधले पट्टे काढून शून्यावरून एकदम मोठ्या प्रमाणावर उडी मारायला लावली तर जिवाणूंना ते जमत नव्हतं. मधल्या पट्ट्यांनीच त्यांना वर नेलं होतं.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हा धोका पेनिसिलिन बाजारात येत होतं तेव्हाच सांगून ठेवला. डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो, वाचलेले रेझिस्टंट जंतू बायकोला देतो आणि ती पेनिसिलिन पुरेपूर घेऊनही न्यूमोनियाने जाते.

हे झालं नळीतलं आणि प्लेटवरचं. शरीरात औषध एका प्रमाणावर थांबत नाही. गोळी घेतली की रक्तातलं प्रमाण चढतं आणि उतरू लागतं. अमॉक्सिसिलिन साधारण तासाभरात निम्मं होतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं किती उंच चढली याला फार महत्त्व नसतं. एमआयसीच्या वर ती किती वेळ राहिली यावर त्यांचं काम ठरतं, हे हॅरी ईगल यांच्या १९४०-५० च्या कामापासून माहीत आहे. म्हणून ती आठ-आठ तासांनी द्यायची. आमच्याकडे काजूच्या फॅक्टरीत जाणाऱ्या बायका सांगतात, दुपारची राहिली म्हणून रात्री दोन एकदम घेतल्या. गोळ्यांची मोजणी बरोबर लागते, पण दुपारभर जिवाणूंना मोकळीक मिळालेली असते आणि रात्रीची जादा गोळी बरीचशी लघवीवाटे निघून जाते. जेंटामायसिन, अमिकासिन यांचं गणित नेमकं उलटं. तिथे उंच चढण्याला महत्त्व, म्हणून दिवसाचा डोस पुष्कळदा एकाच इंजेक्शनात देतात. तेव्हा "दिवसातून कितीदा" हा डोसाचाच भाग आहे, डॉक्टरांनी सोयीसाठी सुचवलेली वेळ नव्हे.

काही जण तर गोळी पूर्ण घेतात आणि तरी डोस अपुराच पडतो. याबद्दल मेडिकलवाल्यांनी प्रत्येकाला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. सिप्रो, डॉक्सीसायक्लिन ही औषधं कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना आतड्यात धरून बसतात आणि मग नीट शोषली जात नाहीत. दुधाबरोबर गोळी घेतली, किंवा रक्तवाढीची लोहाची गोळी बरोबरच घेतली, किंवा "गोळी उष्ण पडता" म्हणून वर ॲसिडिटीचं पातळ औषध प्यायलं, की पाकिटावर ५०० लिहिलं असलं तरी रक्तात बरंच कमी पोचतं. या गोष्टींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं लागतं, नेमकं किती ते औषधागणिक विचारून घ्यावं. आमच्याकडे गरोदरपणानंतर कितीतरी बायका लोहाच्या गोळ्यांवर असतात. लघवीचं इन्फेक्शनही त्यांनाच जास्त. त्यांना हे कुणी सांगत नाही.

लहान मुलांचं पातळ औषध हा आणखी एक प्रकार. बाटलीतली पावडर, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवून परत खुणेपर्यंत भरायचं. पहिल्यांदा फेस येतो आणि खूण गाठल्यासारखी वाटते, फेस बसला की पाणी कमी निघतं. कुणी खुणेच्या वर भरतं, औषध पातळ होतं. मग ते घरातल्या चमच्याने द्यायचं, आणि घराघरातला चमचा वेगळा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची कालवलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायची असते, कारण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड लवकर बिघडतं. जुलैत आमच्याकडे वीज एकदा गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. उरलेली बाटली पुढच्या तापाला काढणारी घरं मी बघितली आहेत. मुलाच्या पोटात काय आणि किती गेलं ते कोण सांगणार? बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण किंवा सिरिंज वापरली आणि सातव्या दिवशी बाटली टाकून दिली, तर यातला बराच घोळ टळतो.

गणपतीत चाकरमानी येतात, घरं भरतात, पाऊस असतोच, आणि पाठोपाठ सर्दी-खोकला गावभर फिरतो. त्या दिवसांत सगळ्यांत जास्त फिरणारी गोळी ॲझिथ्रोमायसिन ५००. तीन गोळ्यांचं पाकीट, रोज एक, म्हणून लोकांना ती आवडते. मुंबईहून येताना काही जण बॅगेतच घेऊन येतात आणि एक गोळी घेऊन उरलेल्या दोन भावाला नाहीतर वहिनीला देतात. देशातल्या खासगी बाजारातल्या २०१९ च्या विक्रीचा अभ्यास झाला, त्यात हीच गोळी सर्वांत पुढे निघाली. हा खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा, त्यावर ती काहीच करत नाही. पण ॲझिथ्रोचा एक गुण मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. ते शरीराच्या पेशींत शिरून बसतं आणि फार सावकाश बाहेर पडतं, निम्मं व्हायला जवळजवळ तीन दिवस घेतं. गोळी थांबली तरी पुढे कित्येक दिवस औषध कमी कमी प्रमाणात झिरपत राहतं, म्हणजे नेमकं त्या मधल्या पट्ट्यातून हळूहळू खाली उतरतं. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रो देऊन त्यांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस तपासले, ते निष्कर्ष २००७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. दाद न देणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण एकदम चढलं आणि सहा महिन्यांनंतरही पूर्वीच्या पातळीवर उतरलं नव्हतं. त्या लोकांना काही आजारही नव्हता.

एमआयसीच्या किती खालीपर्यंत ही निवड चालते? स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की काही औषधांच्या बाबतीत शेकडो पटींनी कमी प्रमाणातही रेझिस्टंट जिवाणू साध्यांना मागे टाकतात. खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावांत खाद्यातून औषध घालण्याला विरोध करायचा तो यासाठी. खाद्य सगळं खाल्लं जात नाही, उरलेलं चिखलात बसतं आणि तिथल्या जिवाणूंना असाच बारीक डोस मिळत राहतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान मत्स्यशेतीत बंद आहेत, कोंबड्यांना कॉलिस्टिन देणं २०१९ पासून बंद आहे. बंदी पाळली जाते का, हे तपासणारे हात जास्त हवेत.

आता जे लिहिणार आहे ते वरवर माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल. डोस पूर्ण हवा याचा अर्थ दिवस वाढवत न्यावेत असा नाही. "कोर्स जितका लांब तितका रेझिस्टन्स कमी" असं आम्हाला कॉलेजात शिकवलं गेलं, आणि साध्या इन्फेक्शनच्या बाबतीत ते टिकलेलं नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात, त्यांचा आजाराशी संबंध नसतो, आणि गोळी त्यांच्यावरही पडत असते. जादा घेतलेला प्रत्येक दिवस त्यांच्यातल्या रेझिस्टंट जिवाणूंना फायदा देतो. पुढे कधीतरी लघवीचं इन्फेक्शन होतं ते बहुधा याच आतड्यातल्या ई. कोलायमुळे. त्यामुळे अनेक आजारांत आता कमी दिवस पण पूर्ण ताकदीचा डोस याकडे कल आहे. रुग्णाची तब्येत सुधारत असेल तर साध्या न्यूमोनियाला पुष्कळदा पाच दिवस पुरतात, बायकांच्या मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनवर फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी दिली जाते. दिवस किती हे डॉक्टरांनी ठरवायचं. आतेसारखं मनाने कमी करायचं नाही आणि माझ्या एका काकांसारखं "आणखी दोन दिवस घेऊन टाकतो, बरां असता" म्हणत वाढवायचंही नाही.

क्षयरोग याला सणसणीत अपवाद. तिथे जिवाणू संथ वाढतात, फुप्फुसातल्या पोकळीत कोट्यवधींनी असतात आणि एकेका औषधाला दाद न देणारे त्यांच्यात ठरलेलेच असतात. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची जी प्रसिद्ध चाचणी झाली आणि १९४८ मध्ये जिचे निष्कर्ष छापले गेले, तिच्यात रुग्ण आधी सुधारले आणि मग कित्येकांच्या बेडक्यात रेझिस्टंट जंतू निघाले. तेव्हापासून टीबीला एकटं औषध द्यायचं नाही, अनेक औषधं एकत्र, वजनाप्रमाणे आणि महिनोन्‌महिने. आपल्याकडे पूर्वी आठवड्यातून तीनदा देत, २०१७ पासून रोज देतात. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्या माणसाला मी हात जोडून सांगेन, बाकी सगळं विसरा, पण या गोळ्या सोडू नका.

आमच्या जिल्ह्यात या विषयावर मला हमखास विचारतात ते लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळ्यांबद्दल. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना आरोग्य विभागाकडून डॉक्सीसायक्लिन मिळतं, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. "तुम्हीच म्हणता कमी डोस वाईट, मग आठवड्यातून एकदाच कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचा जिवाणू लेप्टोस्पायरा डॉक्सीच्या थोड्या प्रमाणानेही आटोक्यात येतो आणि गोळी घेतली जाते तेव्हा तो शरीरात नसतो, नाहीतर नुकताच पायाच्या चिरेतून शिरलेला, संख्येने थोडा असतो. ३०० कोटींच्या गर्दीतून निवड होण्याचा प्रश्न तिथे येत नाही. पनामात अमेरिकन सैनिकांवर हीच मात्रा तपासली होती, १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि आजार होण्याचं प्रमाण फार मोठ्या फरकाने घटलं होतं. आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंवर तिचा परिणाम होतो, हे खरं. म्हणून ती चिखलात उतरणाऱ्यांनी, तेवढ्या हंगामापुरती, आरोग्य सेविकेला विचारून घ्यायची. घरात बसलेल्या आजीने आणि शाळेतल्या नातवाने "असू दे" म्हणून घ्यायची नाही. आणि दुधाच्या चहाबरोबर तर नाहीच. लावणीवर ताप आलाच तर आठवड्याची गोळी घेतली आहे म्हणून घरी थांबू नये. प्रतिबंधाचा डोस वेगळा, उपचाराचा वेगळा.

लॅबच्या बाजूने एक मागणी आहे. कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. दोन गोळ्या पोटात गेल्यावर आलेल्या लघवीत जिवाणू दबलेले असतात, प्लेटवर वाढ दिसत नाही, रिपोर्ट "नो ग्रोथ" जातो आणि आजार तिथेच असतो. डॉक्टरांच्या हातात मग पुढची, आणखी भारी गोळी अंदाजाने देण्याखेरीज काही उरत नाही. गोळी आधीच सुरू झाली असेल तर कृपा करून लपवू नका. कुठली, कधीपासून, दिवसातून किती वेळा, एवढं काउंटरवर सांगा. आम्ही ते फॉर्मवर लिहून घेतो आणि त्याच नजरेने प्लेट बघतो. आतेलाही मी हेच सांगितलं. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट घेऊन ती सोमवारी डॉक्टरांकडे जाते आहे.